बोर्डाची घुरघुर

शेवटी दोघा भावंडांनी स्वस्तातलाच मदरबोर्ड घेतला. पण ते अजून झालेलं नाही असं आपण धरू. दुकानात बसलेल्या भावानेही तसंच धरलं होतं.

काउंटरवर बाबांचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. बाबा गेले, आणि चौथ्या दिवशी त्याचा मदरबोर्ड गेला. "फार वाईट झालं," दुकानदार मदरबोर्डबद्दल म्हणाला. बाबांबद्दल त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"गाणी वगैरे ऐकता का यावर?"

"नाही. आकडे," ताई म्हणाली.

बाबांनी एका सरकारी कचेरीसाठी आकडे म्हटले होते. 'टोकन क्रमांक एक'पासून 'टोकन क्रमांक नऊशे नव्व्याण्णव'पर्यंत. घरीच, रुमालाने झाकलेल्या माइकसमोर, रोज दहा. शंभराव्या दिवशी नऊच उरले, म्हणून त्यांनी 'एक हजार'ही म्हणून टाकला. तो नियमात बसत नाही असं कळवून कचेरीने परत पाठवला.

रेकॉर्डिंग परत ऐकताना मध्येच घुरघुर येते, हे ताईने तेव्हा भावाला फोनवर सांगितलं होतं. भाऊ परगावी असायचा. घरात त्याला एक्स्पर्ट म्हणत, कारण एकदा त्याने प्रिंटर चालू करून दाखवला होता. पुढे प्रिंटर बंद पडला, नाव चालू राहिलं. "ऑनबोर्ड ऑडिओ आहे ताई, मदरबोर्डातच बसवलेला, भिकार असतो," एक्स्पर्ट फोनवर म्हणाला होता. "वाजवताना घुरघुरतोच. कॉम्प्युटरचा पंखा साफ करून घे."

आता तो दुकानदाराला म्हणाला, "वरच्या दर्जाचा बोर्ड दाखवा. ऑडिओ चांगला असलेला. चांगल्या बोर्डावर घुरघुर येणार नाही, एवढंच मला बघायचंय."

दुकानदाराची एक पद्धत होती. दोन बोर्ड, एक हेडफोन, आणि गिऱ्हाइकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं. "फरक कळला तर महागडा घ्या, नाही कळला तर त्या पैशात बरी खुर्ची घ्या. गेल्या महिन्यात एका संगीतशिक्षकांनी जो बोर्ड पसंत केला, तो चालूच नव्हता."

एक्स्पर्ट भिंतीकडे तोंड करून बसला. ताईसाठी दुकानदाराने दुसरा हेडफोन जोडला, स्वतःसाठी तिसरा. उघड्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून बोर्डाला जोडली आणि त्यावरचे आकडे लावले.

'टोकन क्रमांक एक.' स्वच्छ. 'दोनशे दहा.' स्वच्छ.

'सातशे बारा.' त्याआधी बारीक घुरघुर.

"हा स्वस्तातला," एक्स्पर्ट म्हणाला.

"महागडा आहे."

"मग वायर बदला."

वायर बदलली. हेडफोन बदलला. घुरघुर तशीच. मग एकेक आकडा मागे जात त्यांनी शोधलं. सहाशे एकोणचाळीस स्वच्छ होता. सहाशे चाळीस नव्हता. तिथून पुढे ती वाढत गेली. नऊशे नव्वदला 'क्रमांक' म्हणून झाल्यावर इतका वेळ गेला की फाइल संपली समजून दुकानदाराने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात आकडा आला.

"बोर्ड खराब आहे तुमचा," एक्स्पर्ट भिंतीला म्हणाला.

"साहेब, महागडा खपला तर माझंच भलं आहे, मी कशाला वाकडं बोलू? पण बोर्डाची घुरघुर एका पट्टीत असते. ती आकड्यांबरोबर वाढत नाही." दुकानदाराने हेडफोन काढून नीट गुंडाळला. "हे जे कोण आहेत ना, त्यांना एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

"दाखवलं," ताई म्हणाली. "उशिरा."

दुकानदाराला काय ते कळलं. त्याने दोन्ही बोर्डांवरची नसलेली धूळ पुसली.

"ताई, पंखा तू दोनदा साफ करून घेतला होतास ना?"

"दोनदा. पहिल्यांदा मी नेला. दुसऱ्यांदा बाबाच घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर. येताना जिन्यात दोनदा बसले."

"तू बोलली नाहीस."

"डबा जड आहे म्हणाले. होताच जड."

एक्स्पर्ट वळला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते. परीक्षा संपली तरी पेपर द्यायला न उठणाऱ्या मुलासारखा तो बसून राहिला. ताईने त्याच्या पाठीकडे बघितलं आणि मग दुकानदाराकडे वळली.

"स्वस्तातला द्या. घुरघुर करणारा."

"हल्ली स्वस्तातलेही करत नाहीत हो ताई."

"एखादा जुना असेल."

दुकानदार आत गेला. आवाज येतो म्हणून कोणीतरी परत केलेला एक बोर्ड त्याने शोधून आणला. जोडला. ताईने हेडफोन कानाला लावला. 'टोकन क्रमांक एक.' पहिल्याच आकड्याला एका पट्टीतली, जाड, न थांबणारी घुरघुर.

"हा चांगला आहे," ताई म्हणाली. "हा बसवा. याच्यात सगळे सारखेच वाजतात." मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऐकून बघ रे. तू म्हणाला होतास तसाच आहे."

त्याने ऐकलं. मान हलवली.

या बोर्डाची हमी मिळणार नाही असं दुकानदाराने सांगितलं. कोणी मागितलीही नव्हती. त्याने पावती पुढे केली. तिच्या तळाशी 'ग्राहकाची सूचना' असा रकाना होता, आणि दुकान उघडल्यापासून त्यात कोणी काही लिहिलं नव्हतं. एक्स्पर्टने पेन मागून घेतलं आणि बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'विनंती की, सदर कचेरीत यापुढे दररोज सहाशे एकोणचाळीसच टोकन देण्यात यावीत. उरलेल्या नागरिकांना दुसऱ्या दिवशी क्रमांक एकपासून बोलवावे, जेणेकरून उद्घोषकास पुढे जावे लागणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'