एक ठोंब्या हवाय

दाताच्या डॉक्टरांनी बिस्किटाचं बोट चाटलं, त्याच बोटाने टॉर्चची काच पुसली आणि टॉर्च शेजारच्याच्या हातात दिला. वहिनींनी तोंड फिरवलं.

बाहेरच्या खोलीत जुन्या टॉर्चवाल्यांचं मंडळ जमलं होतं. मंडळ जमलं की चहाच्या कपांत बल्ब सापडायचे, आणि वहिनींच्या चांगल्या वाटीत, व्हिनेगरमध्ये, कुणाच्या तरी टॉर्चची गंजकी स्प्रिंग बुडालेली असायची. अध्यक्ष म्हणजे वहिनींचेच यजमान, त्यामुळे बोलायची सोय नाही. या मंडळाचा देव एकच, ठोंब्या. जाडजूड पितळी टॉर्च. कंपनीने तो बनवणं बंद करून एक पिढी उलटली होती. खाली पडला तर फरशी फुटेल पण ठोंब्याला ओरखडा नाही, असं ही मंडळी पोटच्या पोराचं कौतुक सांगावं तसं सांगायची. आणि मग, "तसा टॉर्च आता होणे नाही," म्हणून उसासा टाकायची.

आज त्या उसाशांना उत्तर द्यायला कंपनीच्या इंजिनिअर मॅडम स्वतः येऊन बसल्या होत्या. त्यांना आणलं होतं वहिनींनी, फोनवर फोन करून. वहिनींना टॉर्चचं काडीचं प्रेम नव्हतं. त्यांना खोली हवी होती. घराची मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत टॉर्चच्या खोक्यांनी भरलेली, आणि त्यांची म्हातारी आई भावाच्या घरी पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला डोकं लावून झोपत होती. आईला इकडे आणू या म्हटलं की अध्यक्षांचं ठरलेलं उत्तर असायचं, "ठोंब्या परत बाजारात येऊ दे, खोली तुझ्या आईची. मग हे जपून ठेवायचंय कशाला?"

"आम्ही तयार आहोत," मॅडम म्हणाल्या. "हुबेहूब तसाच काढू. अडचण एवढीच, की जुनी ड्रॉइंग भंगारात गेली आणि ती करणारी माणसंही आता नाहीत. आम्हाला एक चालू ठोंब्या हवाय. तो उभा चिरून बघावा लागेल, म्हणजे परत काही मिळणार नाही. कोण देतंय?"

सगळ्यांनी आपापले टॉर्च जवळ ओढले.

डॉक्टरांनी समोरचा टॉर्च हळूच पिशवीत सरकवला. "हा? याचा बल्ब बदललेला आहे हो. अस्सल नाही म्हणता येणार."

"माझा बहिणीकडे असतो," निवृत्त मास्तर म्हणाले.

"अहो, मागच्या खेपेला तर उशाशी घेऊन झोपतो म्हणालात!" वहिनींना राहवलं नाही.

"तो दुसरा."

"मग तो द्या."

"वहिनी, ती वडिलांची आठवण आहे."

हीच वडिलांची आठवण त्यांनी भंगारवाल्याकडून घासाघीस करून मिळवली होती, ती गोष्ट याच सोफ्यावर बसून त्यांनी रंगवून सांगितली होती. औषधांचे दुकानदार तर मास्तरांच्या कानाशी लागले. "नवा निघाला तर आपल्या जुन्याला कोण कुत्रं विचारणार?" चहाचा ट्रे घेऊन मागून जाणाऱ्या वहिनींनी ते स्पष्ट ऐकलं.

शिसारी आली त्यांना. इतकी वर्षं गळे काढले, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि द्यायची वेळ आली तेव्हा एकेकाची दातखीळ बसली! या माणसांचे उष्टे कप उचलायचीही त्यांना किळस वाटली. आता मॅडम उठणार, आणि आई जन्मभर त्या चपलांशेजारीच राहणार.

तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले.

"लाज वाटते मला तुमची," ते म्हणाले. "मॅडम, माझा ठोंब्या घ्या. जरा पुसून आणतो."

ते मागच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत, तेव्हा वहिनींनी दोनदा त्या दाराकडे पाहिलं. यांचाही पाय निघेना की काय? पण आले. मऊ फडक्यातून त्यांनी ठोंब्या बाहेर काढला, बटण दाबून भिंतीवर पिवळा झोत पाडला आणि मॅडमच्या हातात ठेवला.

"आतलं सगळं मूळचंच आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"कुणी हात लावलेला नाही."

डॉक्टर छताकडे बघत राहिले. मास्तरांना अचानक घरचं काम आठवलं. पाहुणे एकेक करून पायात चपला सरकवून निघाले, शेवटी मॅडमही निघाल्या.

वहिनींचे डोळे भरून आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा असा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. आपण या माणसाला उगाच नावं ठेवत आलो. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "आईला उद्याच घेऊन ये."

भावाच्या हातातून आईनेच फोन घेतला. "जावईबापूंना सांग हो, मी फार सामान आणणार नाही. एक पिशवी फक्त."

डोळे पुसत वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. अध्यक्ष ओट्याशी उभे होते. गुणगुणत, वहिनींच्याच नॅपकिनने एक तपकिरी, मेणचट नळी कोरडी करत होते.

"हे काय आणि?"

"ठोंब्याच्या आतलं अस्तर. सेल फुटून गळला तरी सगळी घाण यातच अडते. म्हणून तर जुने ठोंबे अजून टिकलेत. हे नसेल तर ठोंब्या वर्षभरात आतून सडून जाईल."

"अगंबाई! मग मॅडमना द्यायचं राहूनच गेलं की! थांबा, गाडी अजून दारातच असेल." वहिनी ती नळी घ्यायला झेपावल्या.

अध्यक्षांनी हात मागे घेतला.

"राहून कसलं जातंय!" ते हसले. "सडके ठोंबे एकदा बाजारात येऊ देत, मग जुन्यांवर कशी झुंबड उडते ते बघच तू. मागच्या खोलीला आता चांगलं मोठं कुलूप आणायला हवं."