देठ

मिरची उन्हात कशी वाळते, हे आपल्या पीएचडीचं गणित नंदिनी नागपूरच्या सभागृहात एका स्पर्धेत सामान्य लोकांना समजावत होती. भिवापुरात मिरचीचे देठ खुडण्यात जन्म गेलेली तिची आई पहिल्या रांगेत जिवाचा कान करून ऐकत होती. "समीकरण सांगतं, ही मिरची पूर्ण वाळली," म्हणत नंदिनीनं ती प्रेक्षकांत फिरवली. हाती येताच आईनं सवयीनं देठ वाकवला; तो मोडला नाही. "वाळली नाही वं, देठ ओला हाय!" ती बोलून गेली. सभागृह हसलं. परीक्षक समोरच होते. पोरीची मेहनत मातीत घातली या धास्तीनं तिनं पदर तोंडाशी धरला. नंदिनीनं खाली येऊन देठ वाकवून पाहिला. "खरंच. गणिताच्या सोयीसाठी मी देठ हिशेबात धरलाच नव्हता." तिनं माईक आईपुढे धरला. "देठाले किती दिवस लागते?" आईनं पदर खोचला. "आधी सांग, राती दवापासून मिरची झाकली होती का?"