खाऱ्या पाण्याचं मशीन

कोकणच्या सहलीत लाटेत उभं राहून फोटो काढताना करुणाच्या बोटातली अंगठी निसटली. आईची तेवढीच एक आठवण. किनाऱ्यावर मशीन फिरवून वाळूतलं सोनं शोधून देणारा एक माणूस होता खरा, पण खाऱ्या पाण्यानं त्याचं मशीनच बंद पडलेलं.

करुणाच्या नवऱ्याचं, मच्छिंद्रचं, कुरकुंभला मोटार वाइंडिंगचं दुकान. तो म्हणाला, "भाऊ, द्या हिकडं. फुकट करून पाठवतो. फक्त आमची अंगठी तेवढी बघा." त्या माणसानं हातच जोडले.

घरी येऊन मच्छिंद्रनं मशीन उघडलं. मिठानं आतल्या तारा हिरव्यागार करून टाकल्या होत्या. त्यानं तारा बदलल्या, मोटारीला मारतात ते वॉर्निश मारून सगळे सांधे बुजवले. तिकडून रोज फोन यायचा, "झालं का दादा? झालं की पहिली वहिनींचीच अंगठी!" शेवटी करुणानं कानातलं काढून अंगणातल्या मातीत पुरून बघितलं. मशीन लगेच वाजलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मशीन एसटीच्या पार्सलनं गेलं, मिळाल्याचा फोनही आला. तेव्हापासून मच्छिंद्र रोज फोन लावतोय. रिंग पूर्ण वाजते, पण उचलत कुणी नाही.

काल त्यानं पुन्हा मोबाइल खाली ठेवला, तशी भाकरी थापता थापता करुणा म्हणाली,

"उचलत न्हाई म्हंजी, अवो, मशीन लई चांगलं झालंय तुमच्या हातून."