मनोऱ्यामागचं बाक

सहलीच्या जहाजानं नांगर टाकला आणि किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्यांसाठी जिन्यापाशी रांग लागली. बायको टोपी घालून तयार. नवरा मात्र डेकवरच्या आरामखुर्चीत पाय पसरून बसलेला. "अगं, माझा गुडघा धरलाय. इथूनच बघ ना, डोंगर कसे पाण्यात उतरलेत!" "सकाळी तर चार जिने धडाधड चढलात," म्हणत तिनं पर्समधून चाळीस वर्षं जपलेलं पोस्टकार्ड काढलं. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरीला असताना त्यानं ते याच बंदरातून पाठवलेलं. पुढे घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र, मागे त्याचं अक्षर: 'या मनोऱ्यामागच्या बाकावर बसून तुझी आठवण काढतोय.' "मला ते बाक बघायचंय." त्यानं मान खाली घातली. "बाकबिक काही नाही गं. मी इथं कधी उतरलोच नाही. बंदर आलं की इंजिनाची दुरुस्ती निघायची. कार्डं आमचा स्वयंपाकी आणून द्यायचा, मी चित्र बघून मनानंच लिहायचो. सगळ्याच बंदरांचं तसं." ती हसली. कार्डाच्या कोपऱ्यावर उमटलेला काळा, तेलकट अंगठा तिनं त्याच्यापुढे धरला. "बाकावर निवांत बसलेल्या माणसाचे हात असे असतात होय? मला पहिल्याच कार्डाला कळलं होतं." "मग आता कशाला उतरायचं?" "बाक नसेल तर पायरीवर बसू. आठवण तर खरी होती ना?" गुडघा धरलेला माणूस तिच्याआधी रांगेत जाऊन उभा राहिला.