मार्चपर्यंत

चक्कर येऊन पडलेल्या ट्रेकरला पाणी पाजून वाटाड्या दगडू ढेबेने त्याच्या मोबाइलमधला नकाशा पाहिला, आणि दगडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गडावरच्या टाक्यापुढे लिहिलं होतं : पाणी आहे. सगळ्यांनी मिळून भरायच्या त्या नकाशात त्याने स्वतः ‘मार्चपर्यंत’ असं लिहिलं होतं. आता मे उजाडला होता.

त्याची नोंद बदलली होती ती नकाशातल्या चुका झटक्यात सुधारणाऱ्या एका बटणाने, आणि ते बटण पुण्याच्या एका बाईंनी बनवलं होतं. नंबर शोधून त्याने थेट त्यांनाच फोन लावला.

“दादा, त्या रकान्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ चालतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दुसरं काही दिसलं, की बटण त्याचं ‘हो’ करतं.”

“म्हणजे माझी चूक सुधारलीत! मग रविवारी या गडावर. पाण्याची बाटली मात्र आणू नका. तुमच्या नकाशात पाणी आहे.”