एकही फराटा नाही

"आज कोणाचा हात लागला हो गाडीला?" दंतवैद्यांनी गाडीच्या दारातून आत डोकं घातलं. "डॅशबोर्ड नवाकोरा दिसतोय. एकही फराटा नाही!"

थोरली पुढे होणार, तेवढ्यात त्यांची नजर धाकटीवर गेली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, हातात कोरडं फडकं.

"तुमच्या हाताला तोड नाही," ते तिलाच म्हणाले.

"माझं काही नाही, डॉक्टर. गाडी ताईनं केलीय."

"वर नम्रपणाही आहे!" म्हणत ते हसत गाडी घेऊन गेले. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. श्रेय घ्यायचं आणि वर नको नको म्हणायचं, ही तर आणखी वरची पायरी झाली.

मावशीच्या या गाड्या धुण्याच्या दुकानात थोरली आधी आली होती. बहिणीला तिनंच मागाहून आणलं, तिनंच शिकवलं. गाडी आधी सावलीत घे, तापलेल्या प्लास्टिकवर पॉलिश बसायच्या आत वाळतं. धूळ ओल्या फडक्यानं काढ, नीट सुकू दे. पॉलिश डॅशबोर्डवर कधी फवारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं आणि अगदी पातळ फिरवायचं. थोडं थांबायचं. मग दुसऱ्या, कोरड्या फडक्यानं एकाच दिशेनं पुसून काढायचं. स्टिअरिंगला आणि पायातल्या पॅडलना तर थेंबही लावायचा नाही, नाहीतर गिऱ्हाइकाचा हातपाय घसरायचा.

हे सगळं थोरलीचं. आणि नाव मात्र धाकटीचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

धाकटीची एक खोड होती. थोरलीचं काम संपलं, ती हात धुवायला गेली, की ही हळूच त्या गाडीत शिरायची. हातात टॉर्च, तोही तिरपा धरलेला. कोरडं फडकं फिरवत बसायची, ते थेट गिऱ्हाईक येईपर्यंत. मग गिऱ्हाइकाला तीच दिसणार!

"झालेल्या कामात काय उकरतेस गं?" थोरलीनं एकदा विचारलंच.

"सहज, ताई. हाताला चाळा."

"मला लागत नाही तुझा टॉर्च. माझ्या हाताला आपोआप कळतं."

"हो," धाकटी म्हणाली, आणि टॉर्च खिशात घातला.

एवढ्यात मावशीनं चौकापलीकडे दुसरी जागा घेतली. तिथे फक्त बाहेरून गाड्या धुवायच्या होत्या. जुनं दुकान एकीच्या हाती देऊन मावशी गुडघ्यांना विश्रांती देणार होती. कोणाच्या हाती, ते तिनं सांगितलं नव्हतं. पण गिऱ्हाइकं कोणाचं नाव घेतात ते तिला ऐकू येत होतंच. थोरलीची झोप उडाली. आपण शिकवलेल्या पोरीच्या हाताखाली राबायचं? त्यापेक्षा दुसऱ्याची भांडी घासलेली बरी.

तिनं मावशीला गाठलं.

"मावशी, एक सांगू? माझ्या हातच्या गाड्या ती मागून पुसते आणि नाव कमावते. विचार तिला."

मावशीनं धाकटीला तिथल्या तिथे बोलावलं. "ही म्हणते ते खरंय?"

धाकटीनं बहिणीकडे पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा लाल झाला.

"हो मावशी. पुसते."

"का?"

धाकटीनं खिशातला टॉर्च चाचपला. मावशीनं सुस्कारा टाकला. "दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय मला चालायची नाही. उद्यापासून तू नव्या जागेवर जा. इथलं ताई बघेल."

थोरलीला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. थोडीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आपली चप्पल आणि डबा घ्यायला आली. जाताना दारात घुटमळली.

"ताई, गाडी द्यायच्या आधी कोणालातरी एकदा बघायला सांगत जा."

"मलाच शिकवतेस आता?"

"तसं नाही गं," धाकटी म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी दंतवैद्यांची गाडी परत आली. त्यांच्या मुलानं मागच्या सीटवर सरबत सांडलं होतं. थोरलीनं ती जीव ओतून केली. सीट झाली, दारं झाली, मग डॅशबोर्ड. नवी बाटली उघडली, नवं फडकं घेतलं. घाई नाही, गडबड नाही. शेवटी मागे सरून पाहिलं आणि खूश झाली. आता घ्या म्हणावं कोणाचं नाव घेताय ते!

दंतवैद्य आले. दार उघडून थांबले. मग त्यांनी मावशीला हाक मारली.

"हे काय हो? आज कोणी केली गाडी?"

मावशी वाकली. तिनं बोटानं एक रेघ दाखवली, मग दुसरी. "अगंबाई! या टोकापासून त्या टोकापर्यंत फराटेच फराटे. आणि इथे तर पॉलिशचा थेंब वाळलाय. गाडी तूच केलीस ना?"

थोरलीचं डोकं भणाणलं. काडी केली! जाता जाता बाटलीत काहीतरी कालवून गेली असणार. फडकं तेलकट करून गेली असणार. सख्खी बहीण, आणि एवढी खुन्नस! आज तिला सोडायची नाही.

"बघू," म्हणत ती मावशीला बाजूला सारून आत शिरली. मावशीचं बोट अजून प्लास्टिकवर टेकलेलं होतं. थोरलीनं त्या बोटाजवळ चेहरा नेला. आणखी जवळ नेला, नाक टेकेपर्यंत. डोळे बारीक केले, मोठे केले, कुर्त्याच्या बाहीनं पुसले आणि पुन्हा पाहिलं.

तिला डॅशबोर्ड स्वच्छच दिसत होता. एकही फराटा नव्हता.