तीस वर्षांत न घेतलेलं नाव

१९९४ साली कापड्याच्या खोतीण प्रयागबाईंनी घटस्फोट मागितला, तेव्हा महाडचं कोर्ट बघ्यांनी भरून गेलं. यजमान सोनबा खोतांनी पोलादपुरात दुसरं बिऱ्हाड थाटल्याचं साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, पण खोत साफ नाकबूल होते. “पतीचं नाव सांगा,” न्यायाधीश म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव प्रयागबाईंनी तोंडातून काढलं नव्हतं. “तेवढं सोडून कायपण इचारा, सायेब.” “नावाशिवाय जबानी पुढं जाणार नाही, बाई.” खोत मिशीत हसले. मागून जाऊबाई कुजबुजल्या, “उखाण्यात घे गो!” प्रयागबाईंनी पदर सावरला. “महाडच्या कोर्टात आले, शालू नेसून भरजरी, सोनबाराव राहतात, सायेब, दुसरीच्या घरी!” बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोतांना मात्र झोंबलं. ताडकन उठून ते गरजले, “तिचं कुठलं घर? मी बांधलंय ते!” न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं, “लिहून घ्या.”